आजीचा प्रभाकर कंदील परत पेटवायचाय: कामाच्या नोंदी

५ मे २०२४, रविवार, गावी (दापोली तालुका)

सुट्टीला गावी आलेय आणि आज शेवटी माळ्यावर चढून आजीचा कंदील खाली काढला. चार वर्षं नुसती काढायचा काढायचा म्हणत होते. निसर्ग वादळ आलं ३ जून २०२० ला, तेव्हा मी पुण्यात अडकलेली आणि इथे सगळे खांब आडवे, वाडीत लाइट यायला जवळजवळ महिना गेला. बाबांना पहिल्याच रात्री हा कंदील आठवला होता पण काच नाही, टाकी गळकी, तो परत वर गेला आणि त्यांनी मेणबत्त्या आणि पणतीवर दिवस काढले. "घरात कंदील असून अंधारात बसलो बघ" असं ते फोनवर म्हणाले होते, ते वाक्य डोक्यातनं जात नाही. म्हणून हे काम काढलंय. शोभेला ठेवायचा नाहीये, नीट जळला पाहिजे, रात्रभर.

आजची अवस्था लिहून ठेवते. टाकीच्या खालच्या कडेला गंज, बोटाने खरवडला तर पापुद्रे निघतात. काच नाही. काच वर करायचा खटका हलत नाही. वातीची चावी फिरते पण वात वर येत नाही, वात म्हणजे दगड झालीये. वरची टोपी एका बाजूला चेपलेली. दोन्ही बाजूच्या नळ्या मात्र सरळ आहेत, त्या वाकल्या असत्या तर काम अवघड होतं. टाकीवर ओल्या फडक्याने पुसल्यावर उठावाची पुसट अक्षरं दिसली, अंगणात उन्हात तिरका धरून बघितलं तेव्हा "प्रभाकर" वाचता आलं. बाबा ओटीवर होते, त्यांना हाक मारून दाखवलं तर म्हणाले "अगं मग दुसरा कुठला असणार".

६ मे

रात्री जेवणानंतर बाबा बोलत बसले ते लिहून ठेवते. आजी रोज दिवेलागणीच्या आधी घरातले सगळे कंदील ओटीवर ओळीत मांडायची, काचा काढायची, चुलीची राख चाळून घ्यायची आणि धोतराच्या जुन्या तुकड्याने आतनं पुसायची. काच पुसायचं काम पोरांचं, कारण लहान हात आत जातो. बाबांच्या हातून एक फुटली होती आणि पुढची काच बाजारातनं येईपर्यंत गोठ्यात चिमणी न्यावी लागली, त्यावरून बोलणी खाल्ली. (आमच्याकडे चिमणी म्हणजे बिनकाचेची छोटी बत्ती. काही जण काचेलाच चिमणी म्हणतात, म्हणून लिहिलं.) वात कातरीने रोज कापायची नाही, जळालेला काळा भाग फडक्याने नुसता पुसून काढायचा, असा आजीचा नियम.

आणि ओगलेवाडी, प्रभाकर कंदील तिथलाच. ओगले बंधूंचा काच कारखाना कराडजवळ १९१६ सालचा, तेव्हाच्या औंध संस्थानात. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींचा त्याला आधार, त्यांनीच आधी १९१० मध्ये किर्लोस्करांना जागा दिली होती, किर्लोस्करवाडी झाली ती. त्याच्याही आधी तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना, १९०८, अंताजी दामोदर काळ्यांनी एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या फंडातला, टिळकांचा पाठिंबा असलेला. पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारा काचमाल आटला तेव्हा आपल्या काचेला खरं गिऱ्हाईक मिळालं. ओगले बंधूंच्या वडिलांचं नाव प्रभाकर, आणि प्रभाकर म्हणजे सूर्यही. मला हे फार आवडतं. तेल बहुतेक बाहेरचंच, पण काच आणि कंदील इथला, कृष्णाकाठचा, आणि तो बोटीने एसटीने कुठनं कुठनं कोकणात आमच्या गोठ्यापर्यंत आला.

१२ मे, रविवार, पुणे

जुन्या बाजारात गेले सकाळी सकाळी. आजीच्या कंदिलावर पहिलाच हात मारायचा नाही असं ठरवलंय, एक स्वस्तातला सरावासाठी हवा. बाजारात कंदील खूप आहेत पण बहुतेकांना सोनेरी नाहीतर काळा स्प्रे मारलेला, आणि तीन-चार तर असे की टाकीला ड्रिलने भोक पाडून आत बल्बचा होल्डर बसवलेला, हॉटेलात टांगायला. ते बघून वाईट वाटतं. एकदा टाकीला भोक पडलं की तो कंदील संपला. स्प्रेचंही तसंच, गरम झाला की आठवडाभर वास येतो आणि खाली गंज किती आहे ते कळत नाही. मी न रंगवलेला शोधत होते, शेवटी एका ताडपत्रीवर कुलपं आणि पान्यांच्या खाली मिळाला, नंतरच्या काळातला जस्ताचा मुलामा असलेला, काचेसकट, ४०० सांगितले ३०० ला दिला.

१९ मे

चूक झाली. सरावाच्या कंदिलाचा गंज काढायला लिंबूफुलाच्या पाण्यात टाकला, दोन-तीन तासांनी काढायचा होता तो कामाच्या गडबडीत रात्रभर राहिला. सकाळी गंज गेलेला पण त्याबरोबर जस्ताचा मुलामाही गेलेला, पत्रा करडा आणि खरखरीत, आणि वाळेपर्यंत नवा गंज धरायला लागला. आंबट पाणी आधी जस्त खातं हे मला माहीत होतं तरी लक्ष दिलं नाही. बरं झालं आजीचा त्यात नव्हता, पण हाही कुणाच्या तरी घरचाच होता. लगेच पुसून तेलाचा हात फिरवला. यापुढे लिंबूफूल फक्त सुट्या खिळ्या-तारांना.

२६ मे

आजीच्या कंदिलाचा गंज विजेच्या पद्धतीने काढला, बाल्कनीत. प्लास्टिकची बादली, लिटरला साधारण एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. कंदील निगेटिव्हला, आणि पॉझिटिव्हला बांधकामाच्या सळईचे दोन तुकडे. उलटं जोडलं तर कंदीलच विरघळतो, त्यामुळे तीनदा तपासून मग बटण दाबलं. सळईच्या जागी स्टीलचा चमचा वगैरे वापरायचा नाही, त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते विषारी असतं. हायड्रोजनचे बुडबुडे निघतात म्हणून मोकळ्या हवेतच करायचं आणि जवळ काडी ओढायची नाही.

चार तासांत पाणी चहासारखं झालं. बाहेर काढला तेव्हा गंजाच्या जागी काळा चिखल, तो दात घासायच्या जुन्या ब्रशने निघाला आणि खाली चक्क चांगला पत्रा. टाकीवरची अक्षरं आता बोटालाही लागतात. लगेच गरम पाणी, लगेच हेअर ड्रायर, लगेच तेल. मी रंग लावणार नाहीये, जसा आहे तसाच, हातात घेतला की पातळ तेलकट काळपट. कडीवर एका जागी घासून चपटं झालंय तिथे आजीचा हात असायचा असं मी धरून चाललेय.

३० मे

रॉकेल. या कामात सगळ्यात जास्त वेळ यात गेला. आमच्या रेशन दुकानात केव्हाच बंद झालं, तिथलं निळं असायचं, मुद्दाम रंग घातलेलं, कुणी पेट्रोल-डिझेलात मिसळलं तर कळावं म्हणून. मला लहानपणीची रांग आठवते, डबा, वर नरसाळं उपडं घातलेलं, दोरीने कार्ड बांधलेलं. आता तीन दुकानांत विचारलं तर दोन ठिकाणी "कशाला पाहिजे" आणि एका ठिकाणी "डिझेल वापरा ना ताई". डिझेल जड, ते वातीतनं नीट चढत नाही आणि काजळी धरतं. पेट्रोलचा तर विचारसुद्धा करायचा नाही, त्याची वाफ उणे ४० अंशाच्या आसपासही पेट घेऊ शकते, रॉकेलची साध्या हवेत काडी लावली तरी पटकन घेत नाही आणि त्या एका फरकावरच आख्खा कंदील उभा आहे. कुणी रॉकेल दिलं आणि वास पेट्रोलसारखा झणझणीत आला तर ते टाकीत घालू नका.

शेवटी छापखान्याच्या ओळखीतनं पांढरं ५ लिटर मिळालं. महाग पडलं पण पाण्यासारखं स्वच्छ. बाबांना फोनवर सांगितलं तर पहिला प्रश्न "घासलेट मिळालं का?" मी रॉकेल म्हणते, ते घासलेट. रॉक ऑइलचं रॉकेल आणि गॅस लाइटचं घासलेट, दोन्ही आपणच वळवून घेतलेले शब्द.

२ जून

टाकीत पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवली, सकाळी कागद कोरडा. खूश झाले. मग रॉकेल भरलं आणि दोन तासांत कागदावर ओला गोल. पाणी जिथनं जात नाही तिथनं रॉकेल झिरपतं, ते फार पातळ पसरतं, केसाएवढी फट त्याला पुरते. नेमकी जागा डोळ्यांनी दिसेना म्हणून पुसून कोरडी केली, सांध्यावर टाल्कम पावडर भुरभुरवली आणि बघत बसले. दहा मिनिटांत पांढऱ्या पावडरीत एक बारीक काळपट रेघ उमटली, नखाएवढी, खालच्या कडेला, वात-चावीच्या बरोबर विरुद्ध बाजूला.

एपॉक्सीने बुजवता येईल असं दोघांनी सुचवलं. ते मला नकोय. डाख (कथलाचा जोड) लावलेला सांधा डाखानेच दुरुस्त व्हायला पाहिजे म्हणजे अजून ५० वर्षांनी कुणी उघडला तर त्यालाही करता येईल.

८ जून

कसब्यात तांबट आळीच्या जवळ एक चाचा पत्र्याचं काम करतात, त्यांच्याकडे नेला. टाकी आधी दोनदा साबणाच्या पाण्याने धुऊन, दोन दिवस उन्हात झाकण उघडं ठेवून वाळवलेली, तरी चाचांनी पहिलं काम काय केलं तर नाक लावून वास घेतला. मग म्हणाले "ताई, पानी भरो इसमें". पाण्याने गच्च भरून फक्त सांध्याची जागा कोरडी वर धरली, म्हणजे आत वाफेला जागाच नाही. रिकामी वाटणारी टाकीच धोक्याची असते, भरलेली नाही.

भट्टीत तापवलेलं तांब्याच्या टोकाचं हत्यार, ते नवसागरावर घासलं की पांढरा धूर आणि टोक चकचकीत. कथील धरलं त्या रेघेवर आणि ते पाण्यासारखं आत ओढलं गेलं, वर नुसता एक चंदेरी धागा राहिला. पाऊण मिनिटाचं काम. आत पाणी असल्याने पत्रा लवकर तापत नव्हता म्हणून हत्यार तीनदा तापवावं लागलं. खटका पण त्यांनीच सोडवला, रॉकेलचा थेंब टाकून हलकं हलकं टकटक करत. पैसे ८० रुपये घेतले, मी शंभर दिले तर वीस परत केले. टोपीचा पोचा काढू का विचारलं, मी नको म्हटलं.

१६ जून

बर्नर. पितळेचा आहे पण काळा कुळकुळीत होता. चिंच-मिठाचं पाणी गरम करून त्यात ठेवला, आजी तांब्याची घागर घासायची तसाच, मग टाचणीने जाळीतलं एकेक भोक मोकळं केलं. भोकं किती ते मोजलं नाही, पण आख्खा एक क्रिकेटचा सामना रेडिओवर संपला.

वात बोहरी आळीत मिळाली, मीटरवर. वातीची रुंदी बर्नरच्या खाचेत बरोबर बसेल अशीच घ्यायची, अरुंद वात बाजूला सरकते आणि ज्योत फटीतनं खाली जायला बघते. नवी वात सरळ कापून दोन्ही कोपरे जरासे उडवले, नाहीतर ज्योतीला दोन शिंगं येतात आणि तीच काचेला काजळी लावतात. पेटवायच्या आधी रॉकेल भरून अर्धा तास तरी थांबायचं, वात तेल पिऊन वरपर्यंत ओली झाली पाहिजे, नाहीतर तेलाऐवजी कापूसच जळतो.

२३ जून

पहिल्यांदा पेटवला. काच अजून नाही म्हणून सरावाच्या कंदिलाची तात्पुरती बसवली, ती पाव इंच बुटकी आहे. काच वर उचललेली असताना ज्योत छान, पिवळी. काच खाली आणली की लाल व्हायला लागते, नाचते, एका बाजूला झुकते आणि दोन मिनिटांत काचेची डावी बाजू काळी. वात कमी केली तरी तेच. तीनदा पुसून तीनदा पेटवला. रात्री साडेअकरा वाजता बंद केला, फार हिरमुसले.

२४ जून

रात्री झोपताना विचार करत होते. कंदिलाच्या ज्या दोन नळ्या दिसतात त्या नुसत्या पकडायला नसतात, तेच सगळं यंत्र आहे. अमेरिकेत जॉन आयर्विन नावाच्या माणसाने १८६८ च्या सुमारास ही नळीची युक्ती काढली आणि न्यूयॉर्कच्या डिट्झ कंपनीने ती घरोघरी नेली. गरम हवा वर जाते तसा जोर तयार होतो आणि त्या जोराने नळ्यांतनं हवा खाली बर्नरच्या जाळीखाली येते. आयर्विनच्या पहिल्या प्रकारात वर गेलेल्या गरम हवेतली थोडी परत खाली यायची, पुढच्या प्रकारात नुसती ताजी हवा यायला लागली आणि उजेड वाढला. पण दोन्हीत हवा नळ्यांतनंच उतरते. म्हणूनच वाऱ्यात विझत नाही, बाहेरचा झोत ज्योतीला थेट लागतच नाही. जर्मन फॉयरहँड कंदिलापासून आपल्या प्रभाकरपर्यंत हीच रचना.

मग काच वर असताना ज्योत चांगली, म्हणजे तेल-वात-बर्नर बरोबर आहे. काच खाली आली की बिघडते, म्हणजे हवा कमी पडतेय. नाच काच बुटकी असल्याने असेल, खालून फट राहते. पण काजळी एकाच बाजूला का?

संध्याकाळी बर्नर काढला, उदबत्ती लावली आणि तिचा धूर एकेका नळीच्या तोंडाशी धरून दुसरीकडनं हळू ओढला. उजवीतनं धूर आला. डावीतनं काहीच नाही.

३० जून

डावी नळी मोकळी झाली!! सायकलच्या ब्रेकची वायर घेतली, टोक अर्धा इंच उसवून फुलवलं आणि वरनं आत सारून पिळत राहिले. आधी नुसती माती पडली, पिवळी, वाळलेली, भुकटीसारखी. मला वाटलं पुराचा गाळ बिळ असेल. मग मातीचे गोल तुकडे, आतनं गुळगुळीत, आणि त्यात बारके बारके कोळी, वाळून कागद झालेले, पाय पोटाशी घेतलेले, एका तुकड्यात मोजून सात. कुंभारीण! कुंभारीण माशीने नळीत घर केलेलं, एकापुढे एक पाच खोल्या, प्रत्येकीत पिल्लासाठी कोळ्यांचा साठा. त्यातल्या दोन खोल्यांना भोक होतं म्हणजे पिल्लं मोठी होऊन उडून गेली, तीन बंदच राहिल्या. माळ्यावर पडून असलेल्या वर्षांतलं हे काम. पांढऱ्या कागदावर सगळं मांडून फोटो काढला आणि बाबांना पाठवला.

नंतर मूठभर तांदूळ आणि साबणाचं पाणी नळ्यांत घालून खळखळवलं, दोनदा. आता उदबत्तीचा धूर दोन्हीकडनं सारखा येतो.

जुना कंदील धूर करत असेल तर आधी नळ्या बघा. मी वात बदलत बसले, काच पुसत बसले, आठवडा गेला.

१४ जुलै, कराड

मावशीकडे आले होते, तिथनं काच शोधायला बाहेर पडले. काच घेताना तीन मापं लागतात, उंची, वरचं तोंड, खालचं तोंड, मी कार्डबोर्डचे गोल कापूनच नेले होते. एका जुन्या किराणा दुकानदार आजोबांनी गोदामातनं खोकं काढून दिलं, पेंढ्यात गुंडाळलेल्या काचा, त्यांच्या वडिलांनी भरलेला माल. त्यांच्याकडे कुणी विचारायलाच येत नाही. दोन बरोबर बसल्या, दोन्ही घेतल्या. एकीत तांदळाच्या दाण्याएवढा हवेचा बुडबुडा आहे, तीच आधी वापरणार.

परतताना ओगलेवाडीला उतरले. कराडचं रेल्वे स्टेशन त्याच बाजूला. कारखाना केव्हाच बंद पडला. गावाचं नाव तेवढं राहिलं. कंदील पिशवीत बरोबर होता, तो बाहेर काढून थोडा वेळ रस्त्याच्या कडेला उभी राहिले, कुणीतरी विचारलं विकायचाय का.

२१ जुलै

टेस्ट. नवी काच, दोन्ही नळ्या मोकळ्या. संध्याकाळी ७:३० ला पेटवला, आधी पाच मिनिटं अगदी बारीक, काच सावकाश तापू द्यायची, मग वाढवला. ज्योत स्थिर, वरनं किंचित गोल, हलतच नाही. गच्चीवर पावसाचा वारा होता तिथे नेऊन ठेवला, एकदा थरथरली आणि परत सरळ. सकाळी ५:३० पर्यंत ठेवला, १० तास. मापाने भरलं होतं, मापाने काढलं, १७० मिली गेलं. म्हणजे तासाला १७ मिली. मध्ये वात एकदाच चावीने किंचित खाली केली. गच्चीवरच ठेवला, बंद खोलीत कंदील लावून झोपायचं नाही, खिडकी उघडी पाहिजेच.

त्या उजेडात वाचता येतं पण कंदील जवळ लागतो, पानाच्या बाजूला. लांबून नुसता माणूस ओळखू येतो. बाबा म्हणतात शाळेत असताना तिघं भावंडं एका कंदिलाभोवती बसायची आणि ज्याचा गृहपाठ जास्त त्याला काचेची चांगली बाजू.

७ सप्टेंबर, शनिवार, गणेश चतुर्थी, गावी

कंदील घेऊन आले. मूर्ती सकाळीच बसली. संध्याकाळी आरतीच्या आधीच लाइट गेली, पाऊस मोठा होता. काकांकडचा इन्व्हर्टर होता पण तो माजघरापुरता. मी ओटीवर कंदील लावायला घेतला तर बाबा म्हणाले "आण इकडे". त्यांनी काच वर केली, वातीवरचा काळा भाग फडक्याच्या टोकाने पुसला, काडी लावली, काच खाली, आणि चावी आधी पूर्ण बारीक करून मग हळू वर घेतली. मी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी ५० वर्षांत कंदील लावला नसेल.

जाखडीवाले (गणपतीत घरोघरी नाचायला येणारे) रात्री दहाला आले तेव्हाही लाइट नव्हती, ते बॅटरीचे दिवे घेऊनच फिरतात. पूर्वी पेट्रोमॅक्स असायची, दोन माणसं ती डोक्यावर धरून, मधूनच पंप मारत. आमच्याकडे गोठ्यात एक पडलीये, मँटल (उजेड देणारी जाळी) नाही, पंपाचं वॉशर वाळलंय. ती नंतर.

८ सप्टेंबर

लाइट पहाटे आली. कंदील रात्रभर ओटीवर होता. काचेवर काजळी नाही, फक्त वरच्या तोंडाशी बोटभर पिवळट छटा. डाखाची जागा कोरडी, खाली कागद ठेवला होता तोही कोरडा. टाकीत अर्ध्याच्या वर तेल. आणलेल्यातलं ३ लिटर रॉकेल इथेच ठेवतेय, गोठ्यात, बंद डब्यात, डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून. दुसरी काच पेंढ्यासकट माळ्यावर.

मी कंदील पुण्याला परत नेणार होते. बाबांनी सकाळी चुलीची राख चाळली, काच पुसली आणि ओटीच्या खुंटीला लावून टाकला. तो आता तिथेच राहील. नळ्यांच्या वरच्या तोंडांना बारीक जाळीचा तुकडा अडकवलाय, पेटवताना तो काढायचा हे बाबांना सांगितलंय आणि खुंटीच्या बाजूला चिठ्ठीही लावलीये.